मास्तरचं उसनं वाक्य

या, असे दाराशी का थबकलात? आत या, जवळ सरका. मांडी घालून बसा, नाहीतर पाय पसरून बसा, पण कान इकडे द्या. एक गोष्ट सांगायची आहे. गोड नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ऐकताना जीव वरखाली होईल, सांगतानाही होतो. गाऊन सांगता आली असती तर किती बरं झालं असतं! सुरात घातलं की दुःखाचे काटेसुद्धा जरा बोथट होतात. पण ही गोष्ट सुरात बसत नाही, तिला साध्या बोलण्यातच पुढे न्यावं लागेल. देव ऐकतोच आहे, तुम्हीही ऐका.

एक बाई होती. मानसशास्त्र शिकलेली, आणि काम काय, तर ऐकण्याचं. कोणाचं? ज्यांचा विषय निघाला की माणसं तोंड फिरवतात, त्यांचं. लहान मुलांवर, बायकांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा भोगणारे पुरुष. तुरुंगात जायचं, एकेकाला समोर बसवायचं आणि विचारायचं, तुमच्या मनाने तुम्हाला हे करू कसं दिलं? काय सांगून तुमची समजूत घातली? अहो, मन मोठं बिलंदर वकील असतं. आपली बाजू तेच मांडतं, निकालही तेच देतं, आणि आपण सुटलो म्हणून पेढेही तेच वाटतं. हा वकील बोलतो कसा हे एकदा नीट कळलं, तर पुढच्या माणसाला वेळीच अडवता येईल, एखादं लेकरू वाचेल. सगळा खटाटोप त्यासाठी होता. मैत्रिणी म्हणत, "तुला दुसरा विषय मिळाला नाही का गं?" ती म्हणे, "मिळत होता. पण मग हे कोण ऐकणार?"

खोली लहान होती. जमिनीला बोल्टने आवळलेलं टेबल, दोन खुर्च्या, दाराला काचेची चौकट आणि चौकटीपलीकडे पाठमोरा उभा असलेला पहारेकरी. नियम असा की तिची खुर्ची दाराजवळची. टेबलावर रेकॉर्डर. सुरुवातीला ती प्रत्येकाला तेच सांगे: इथे बोललेलं इथेच राहील, फक्त एखाद्या मुलाला आज धोका आहे असं कळलं तर मला ते सांगावं लागेल. मग रेकॉर्डरचा लाल दिवा लागे आणि ती ऐकू लागे.

ऐकण्याचीही एक रीत असते. उलटतपासणी करायची नाही, भुवई उंचवायची नाही. समोरचा जे बोलला तेच जरा नीटनेटकं करून त्याला परत द्यायचं, म्हणजे त्याला वाटतं, हिला समजलं, आणि तो आणखी आत उतरतो. तिचे वरिष्ठ, ज्यांना सगळे 'सर' म्हणत, ते हसून सांगायचे, "बाई, तुम्ही म्हणजे आरसा. आरशाला घाम येत नाही आणि उलटीही होत नाही." या कामात तिच्याइतकं तरबेज कोणी नव्हतं. इतकं, की घरीही ती खोड सुटेना. दहा वर्षांची लेक शाळेतून फणकारत येई, "मला त्या बाकावर बसायचंच नाही!" आणि आईसाहेब म्हणत, "म्हणजे तुला तिथे एकटं वाटतं." लेक कपाळावर हात मारी. "आजी, बघ ना! मी बोलले तेच ही पुन्हा बोलते, आणि वर चांगलं करून बोलते!" सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणत, "अगं, पोपट निदान पेरू मागतो. हिला तेही नको."

तर अशा त्या बाईसमोर एक जण येऊन बसला. पोहायला शिकवायचा, म्हणून तुरुंगातही सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. दिसायला सभ्य, बोलायला मऊ. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीवर त्याने अत्याचार केला होता. कपडे बदलायच्या खोलीत, इतर मुलं निघून गेल्यावर. एवढंच सांगते, पुढे जीभ वळत नाही.

पहिल्या भेटीत मास्तर अडखळत होता. "बायको सोडून गेली होती मॅडम. घरी गेलं की भिंती खायला उठायच्या. ही पोरगी माझं ऐकायची. हसायची. बाकीची पोरं टिंगल करायची, ही नाही. मग झालं ते. झालं म्हणजे... झालं."

बाईने रीतीप्रमाणे म्हटलं, "म्हणजे तुम्ही एकटे पडला होतात, आणि तिचा विश्वास तुम्हाला आधारासारखा वाटला."

मास्तरने मान वर केली. "हां! तेच. अगदी तेच."

पुढच्या भेटीत तो म्हणाला, "मला जमलं नाही हो. नाही जमलं." बाई म्हणाली, "म्हणजे तो विश्वास पेलायची ताकद तेव्हा तुमच्यात नव्हती, असं वाटतं तुम्हाला." मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईला वाटलं, माणूस आत उतरतोय. सर रेकॉर्डिंग ऐकून म्हणाले, "सोनं आहे हे! एवढं उघडं कोणी बोलत नाही."

दिवस गेले. मास्तरची सुटका जवळ आली. सुटल्यावर तो राहणार कुठे, हा प्रश्न होता. एक तर सुटून आलेल्यांसाठीचं वसतिगृह, जिथे येण्याजाण्यावर नजर असते. नाहीतर थोरली बहीण. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, नवरा नव्हता, आणि घरात अकरा वर्षांची मुलगी. बहिणीने हो म्हटलं आणि अधिकाऱ्यांच्या बैठकीला पटलं, तर मास्तर तिच्या घरी जाणार होता. आपल्या बाईचा या निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता. ती संशोधक, निवाडा करणारे वेगळे. पण त्या अकरा वर्षांच्या मुलीबद्दल कळलं त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. कपाट आवरायला काढी आणि अर्धं टाकून उठे. धुतलेला कप पुन्हा धुई. लेक शेजारी खेळायला गेली की खिडकीतून तीनतीनदा डोकावे.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "पायाला भिंगरी बांधलीय का? जरा टेक की."

"टेकलेय की, आई."

"उभ्याने?"

एका सकाळी ती तुरुंगाच्या बाहेरच्या खोलीत आत सोडण्याची वाट बघत बसली होती. शेजारच्या खुर्चीत एक बाई येऊन बसली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिने हिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं.

"तुम्हीच का त्या? माझ्या भावाशी बोलता त्या?"

"मला त्याबद्दल बोलता येत नाही हो, ताई."

"नका बोलू. मीच बोलते. तुमचे पाय धरायचे राहिलेत माझे." बहिणीचे डोळे भरून आले. "मी त्याचं तोंड बघणार नव्हते. माझ्या पोरीला तर मी सांगितलं होतं की मामा मेला. पण मागच्या भेटीत तो जे बोलला ना! तो म्हणाला, 'ताई, एकटेपणात मी एका विश्वासाला आधार समजलो, आणि तो पेलायची ताकद माझ्यात नव्हती.' मॅडम, आमचा भाऊ असं कधी बोलत नव्हता. ज्याला धड 'चुकलं' म्हणता यायचं नाही, तो हे बोलला! सुटकेचं बघणाऱ्या साहेबांसमोरही बोलला म्हणे, त्यांनीही मान डोलावली. माणूस आतून बदलल्याशिवाय असं तोंडातून निघतं का? मी हो म्हणणार आहे. बैठक उद्याच आहे."

आपली बाई ताडकन उठून उभी राहिली. का ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. आधार, विश्वास, पेलणं, ताकद. हे मास्तरचे शब्द नव्हतेच! हिचे होते. हिने एकेक घासूनपुसून त्याच्या हातात दिले होते, आणि त्याने ते ओवून गळ्यात घातले होते.

त्या दिवशी तिने भेट रद्द केली. ऑफिसात जाऊन हेडफोन लावले आणि पहिल्यापासून ऐकायला बसली. जिथे जिथे मास्तर अडखळला, तिथे तिथे तिचा स्वतःचा मऊ आवाज पुढे होऊन त्याला हात देत होता. पुढच्या भेटीत तोच शब्द त्याच्या तोंडी, तोही अगदी सहज, जणू आईच्या दुधाबरोबर प्यायलेला. आणि दुसरी एक गोष्ट कानावर आली तशी तिने रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा लावलं. पहिल्या भेटीत 'पोरगी' तरी होती. ऐकणारी, हसणारी का होईना, पण होती. त्या सुंदर वाक्यात पोरगीच नव्हती. तिच्या जागी 'विश्वास' येऊन बसला होता. विश्वासाला कुठे अंग असतं, कुठे दुखतं? मास्तरला पोरीच्या नजरेपुढून पळायला वाट हवी होती, आणि ती वाट हिने झाडून, सडा घालून दिली होती.

ती हेडफोन गळ्यात तसेच ठेवून सरांच्या खोलीत गेली.

"सर, मास्तर बदललेला नाही. म्हणजे बदललाय की नाही, हे आपल्याला कळायला मार्गच नाही. तो माझं बोलतोय."

सरांनी ऐकून घेतलं. "बाई, बसा आधी."

"बसवत नाही."

"बरं, उभ्याने ऐका. त्याने तुम्हाला भाचीबद्दल काही सांगितलं? काही बेत? काही इशारा?"

"नाही."

"मग तुम्ही काय सांगणार बैठकीत? त्याच्या मुलाखतीतलं अक्षर बाहेर काढलंत, तर उद्या तुरुंगातला एक माणूस आपल्यापुढे तोंड उघडणार नाही. आणि ते बोललेच नाहीत तर पुढच्या पोरींना कोण वाचवणार?"

"त्याचं अक्षरही काढणार नाही, सर. त्याचं काहीच सांगणार नाही. माझं सांगेन. ते वाक्य माझं आहे, एवढंच."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांच्या लक्षात आलं, याचा दुसरा अर्थ काय ते. ही एका माणसाच्या बाबतीत आरसा नव्हती, तर बाकीच्यांच्या तरी होती का? सगळ्याच मुलाखती डागाळलेल्या. किती वर्षांचं काम! अहवाल जवळपास हातावेगळा झालेला.

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय मोडताय?"

"कळतंय."

"मग एवढ्या शांतपणे कसं सांगता हो?"

"शांत कुठे आहे? तुम्ही बसा म्हणालात, बसले का मी?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "ती रेकॉर्डिंगं इथे ठेवून जा. मी ऐकतो. मग ठरवू." पण बैठक दुसऱ्या दिवशी होती, आणि ठरवायला तेवढी उसंत नव्हती.

घरी गेली तर सासूबाई डोळे मिटून गुणगुणत बसल्या होत्या. ही त्यांच्या पायाशी बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. त्यांनी गाणं थांबवलं नाही, फक्त एक हात हिच्या डोक्यावर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काय झालं ते विचारत नाही. तुझ्या कामातलं मला सांगत नाहीस, तेच बरं. पण उद्या कोणाला काही सांगायचं असेल, तर साधं सांग. तू फार छान बोलतेस. छान बोललं की माणूस बोलणं ऐकतं, आणि सांगणं राहून जातं."

"आई, आज नेमकं हेच..."

"बघ, आता माझंच वाक्य मला परत देऊ नकोस." आणि दोघी हसल्या. हसता हसता हिला रडू फुटलं.

सकाळी ती बहिणीच्या आधी त्या बाहेरच्या खोलीत पोहोचली. बसली नाही. बहीण आली ती नव्या साडीत, हातात तीच पिशवी. पिशवीतून नवा टॉवेल डोकावत होता, भावासाठी घेतलेला.

"ताई, एक सांगायचं आहे. तुमच्या भावाने मला काय सांगितलं ते नाही सांगणार. पण काल तुम्ही जे वाक्य म्हणालात ना, ते माझं आहे. त्याचं नाही."

"म्हणजे?"

"तो अडला की मी त्याला शब्द देत गेले. आमच्या कामाची ती पद्धत आहे. त्याने ते शब्द उचलले. ते ऐकून तुम्ही हो म्हणत असाल, तर म्हणू नका. दुसऱ्या कशावरून म्हणत असाल तर ते तुमचं तुम्ही ठरवा."

 बहिणीचा आवाज चढला. "वा हो वा! आधी त्याच्या तोंडात घालायचं आणि मग काढून घ्यायचं! खेळ आहे का तुमचा? मी रात्रभर पोरीची समजूत घातली. मामा मेला नाही, येतोय, आता चांगला झालाय. आता घरी जाऊन काय सांगू तिला?"

"चूक माझी आहे, ताई."

"ती तर आहेच!" पहारेकऱ्याने वळून पाहिलं. बहीण धपकन खुर्चीत बसली, पिशवी पोटाशी धरून. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "मग त्याचे स्वतःचे शब्द कोणते?"

"मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही."

दार उघडलं. पहारेकऱ्याने आधी बहिणीला आत बोलावलं. हिने चिठ्ठी पाठवून अधिकाऱ्यांकडे दोन मिनिटं मागितली होती, तीही मिळाली. जे बहिणीला सांगितलं तेच तिथे सांगून ती बाहेर आली. आत मास्तर, बहीण आणि टेबलापलीकडचे अधिकारी उरले.

ती येरझाऱ्या घालू लागली. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, पुन्हा खिडकीपर्यंत. पाण्याचा पेला भरला आणि न पिता ठेवला. माझ्या मायबापांनो, त्या वेळी तिला काय वाटत असेल? भावाला बहिणीपासून तोडलं की काय? खरंच सुधारणाऱ्या माणसाच्या पायाखालची फळी काढली की काय? बोलता न येणाऱ्याने दुसऱ्याच्या शब्दांत पश्चात्ताप केला म्हणून तो खोटाच असतो का? आपण तरी देवापुढे कोणाच्या शब्दांत रडतो? दुसऱ्यांनी गायलेल्यातच ना! ती पुन्हा खिडकीशी गेली. 

शेवटी बहीण बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"मी त्याला एकच विचारलं," ती म्हणाली, कोणाकडेही न बघता. "म्हटलं, ते आधाराबिधाराचं राहू दे. त्या पोरीचं काय झालं, तेवढं सांग. तो म्हणाला, 'ताई, माझं काय झालं ते तू बघतेसच ना?' मी पुन्हा म्हटलं, तुझं नाही रे, तिचं. तर म्हणतो, 'तिचं काय, तिची आई होती, बाप होता. मला कोण होतं?'" तिने पदराने तोंड पुसलं. "मी नाही म्हणून सांगितलं. वसतिगृहात जाऊ दे. मी भेटायला जाईन. भाऊ आहे माझा. पण माझ्या घरात नाही."

टॉवेल तिने पहारेकऱ्याकडे दिला, "त्याला पोहोचवा" म्हणून. जाता जाता आपल्या बाईजवळ थांबली. "तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा."

"जाऊ नये," बाई म्हणाली.

सरांनी सगळी रेकॉर्डिंगं ऐकली. त्या दिवसांत त्यांनी एकही विनोद केला नाही. मग म्हणाले, "पुन्हा सुरू करावं लागेल. पहिल्यापासून." तिने मान हलवली.

मास्तर सुटायच्या आधी तिला एकदा भेटायला तयार झाला. तो रागाने लालबुंद होऊन बसला होता. "तुम्ही माझं घर बुडवलंत, मॅडम. तुमच्याशी मन मोकळं केलं त्याचं हे फळ!"

एरवी ती म्हणाली असती, 'म्हणजे तुम्हाला विश्वासघात झाल्यासारखा वाटतो.' शब्द जिभेवर आलेही. तिने ते गिळले. गप्प बसणं तिला त्या दिवशी पहिल्यांदा इतकं जड गेलं. हात मांडीखाली दाबून धरले, तरी टाच जमिनीवर वाजतच होती.

"त्या दिवशी ती काय म्हणाली होती?" तिने विचारलं.

"कोण ती?"

तिने उत्तर दिलं नाही.

मास्तर इकडेतिकडे बघू लागला. छताकडे, काचेकडे, रेकॉर्डरकडे. हिच्या तोंडाकडे बघून वाट पाहू लागला की ही काहीतरी देईल, नेहमीसारखं. हिने काही दिलं नाही. तो म्हणाला, "ओरडली नव्हती." हिने तेही उचललं नाही. तो चुळबुळला, खुर्ची मागे सरकवली, पुन्हा पुढे घेतली. आणि मग, जणू दुसऱ्याच कोणाचा आवाज असावा तसा, खाली बघत म्हणाला,

"आई कधी येणार, असं विचारत होती. सारखं तेच."

लगेच तो म्हणाला, "पण मॅडम, माझंही ऐका ना, मला तेव्हा..." आणि पुन्हा आपल्याबद्दल बोलू लागला. तो बदलला असं मी म्हणणार नाही. तेवढं एक वाक्य त्याचं स्वतःचं होतं, आणि तेही त्याचं कुठे? त्या पोरीचं होतं. इतक्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ती पहिल्यांदा बोलली, आणि कोणी तिचं वाक्य नीटनेटकं केलं नाही.

बाई आजही ते काम करते. आजही तिला एका जागी धड बसवत नाही. सासूबाई म्हणतात, "बसू नकोस. पण जेव तरी बसून."

आता तुम्ही उठाल, आपापल्या घरी जाल. जा, सुखाने जा. फक्त एवढं करा. हात जोडाल तेव्हा त्या मुलीची आठवण ठेवा. ती आता मोठी झाली असेल, कुठे असेल आपल्याला ठाऊक नाही, आणि तिला शोधायचंही नाही. मास्तरसाठी बहीण आहे, बाईसाठी सासू आहे. तिच्यासाठी तुम्ही देवाकडे एवढंच मागा, की ती विचारत होती तेव्हा तिची आई लवकर आली असू दे, आणि आली तेव्हा तिने आधी तिचं ऐकलं असू दे.